प्रशिक्षण केंद्र काढताय? मशीनच्या आधी माणसं निवडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'कौशल्य प्रशिक्षणाच्या प्रकल्पासाठी टीम कशी निवडायची' हा विषय घेतला. व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून सगळं इथे नीट लिहून ठेवते. वही-पेन घेऊनच बसा, शेवटी गृहपाठ आहे.

गेल्या वर्षभरात मौदा, रामटेक, भंडारा भागातून मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आलाय. "ताई, दुकानाच्या वरचा हॉल रिकामा आहे. ट्रेनिंग सेंटर काढावं म्हणतो. कोणत्या मशीन घेऊ? कोणत्या योजनेत बसेल?" प्रश्न चुकीचा नाही. सध्या या क्षेत्रात हालचाल खरंच मोठी आहे. १९ ऑक्टोबर २०२३ ला महाराष्ट्रात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये १८ पारंपरिक व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आली. २०२५ मध्ये केंद्र सरकारने १००० शासकीय आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली.

म्हणजे इमारत, मशीन, संगणक यांची चर्चा भरपूर आहे. पण "शिकवणार कोण?" हे मला विचारणारा माणूस शंभरात एखादाच भेटतो. आणि माझ्या अनुभवाने सांगते, बॅच बुडते ती तिथेच.

## माझी बुडालेली बॅच

आमचं मौद्यात इलेक्ट्रिकल आणि पंपाच्या सामानाचं दुकान आहे. बीबीए झाल्यावर मी वडिलांबरोबर काउंटरवर बसायला लागले. पुढे एका संस्थेसाठी घरगुती वायरिंग आणि पंप दुरुस्तीची तीन महिन्यांची बॅच चालवायची जबाबदारी घेतली. माणसं निवडायची ती मीच.

प्रशिक्षक म्हणून मी नागपूरचा एक डिप्लोमावाला निवडला. बायोडेटा सुंदर, बोलणं छान, सर्टिफिकेटं दोन. माणूस वाईट नव्हता, आधीच सांगते. चूक माझी होती, कारण मी कागद तपासला आणि हात तपासले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात एका मुलीने सबमर्सिबल पंपाच्या तीन वायरी हातात धरून विचारलं, "सर, यातली स्टार्टिंगची कोणती?" सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि शोधायला लागले. वर्गातली अर्धी पोरं शेतकऱ्यांची. घरचा पंप जळला की काय होतं हे त्यांनी पाहिलेलं. कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून वर्ग ढिला पडला. पुढे पाऊस लागला, धानाची रोवणी सुरू झाली आणि पोरं बांधीत गेली. पटावर ३० होते, परीक्षेला १२ बसले. पास सगळे झाले, पण सहा महिन्यांनी त्या कामातून कमावणारे मला तीनच सापडले.

संस्थेचा हिशेब बसला. माझाही बसला. पण एक मुलगा रोजची मजुरी सोडून वर्गाला येत होता. तो आजही दुकानासमोरून जातो, "नमस्कार ताई" म्हणतो, आणि मला काही तोंड वर करवत नाही. त्याचे तीन महिने मी परत देऊ शकत नाही. टीम निवडताना एवढं डोक्यात ठेवा: चुकलेल्या नेमणुकीची किंमत तुमच्या आधी शिकायला आलेला पोरगा मोजतो.

## पाबळने हा प्रश्न कसा सोडवला

त्यानंतर मी शोधायला लागले की हे काम कोणाला जमलंय. उत्तर आपल्याच महाराष्ट्रात सापडलं.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. कोरडवाहू, पाण्याची ओढ असलेलं. हिंदुस्तान लिव्हरमध्ये शास्त्रज्ञ असलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी नोकरी सोडून १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. २००३ मध्ये ते गेले, पण काम आजही चालू आहे. शाळेतल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय तयार केला. आठवड्यातला एक दिवस हाताने काम. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. राज्याच्या शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली आणि तो इतर शाळांतही गेला. ज्यांची शाळा सुटली होती अशांसाठी पाबळमध्ये एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रमही चालतो.

आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. या पद्धतीची मुख्य तत्त्वं मोजकी आहेत. एक, मुलाला एकच नाही तर अनेक कौशल्यं द्यायची. दोन, शिकताना मुलांनी गावाची खरी कामं करायची, म्हणजे वेल्डिंग, वायरिंग, रोपं, माती-पाण्याची तपासणी, जी गावाला खरोखर लागतात. आणि तीन, शिकवणारा हा शक्यतो स्थानिक उद्योजक असावा, म्हणजे त्या कामावर स्वतःचं पोट चालवणारा माणूस.

तिसरं तत्त्व पुन्हा वाचा. लहान गावाला पूर्ण पगारी तज्ज्ञ शिक्षक परवडत नाही, आणि परवडला तरी टिकत नाही. पण प्रत्येक बाजारगावात एक वेल्डर, एक वायरमन, एक शिवणकाम करणारी, एक रोपवाटिकावाला असतोच. तो उद्याही तिथेच असणार. त्याच्याकडे गिऱ्हाईक आहे, त्यामुळे त्याच्याकडे शिकणाऱ्याला खरं काम बघायला मिळतं.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही व्यवसाय शिक्षण, स्थानिक कला, शेती, उद्योजकता अशा विषयांसाठी गावातल्या जाणकारांना शाळांनी प्रशिक्षक म्हणून घ्यावं असं म्हटलंय. म्हणजे पाबळमध्ये जे आधी करून दाखवलं गेलं, ते आता देशाच्या धोरणात आहे. तुम्ही स्वतः कारागीर किंवा दुकानदार असाल, तर ही संधी तुमचीसुद्धा आहे हे लक्षात घ्या.

## पण नुसता मिस्त्री पुरत नाही

दुसऱ्या बॅचला मी उत्साहात आमच्या काउंटरवर सामान घ्यायला येणाऱ्या एका मिस्त्री काकांना गाठलं. पंचवीस-तीस वर्षांचा हात. ते म्हणाले, "ताई, मोटर दोनदा जाळल्याशिवाय पोट्टं शिकत नाही." मी खूश! पण पहिल्याच आठवड्यात दोन मुली यायच्या बंद झाल्या. चौकशी केली तर कळलं, काका चुकलं की सगळ्यांसमोर ओरडतात. त्यांना त्यांच्या उस्तादाने तसंच शिकवलं होतं. शिवाय मेन स्विच बंद न करता हात घालायची सवय, आणि कागदावर आकृती काढायला सांगितली की अंगावर काटा.

काम येणं आणि काम शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जर्मनीत कारागिराला 'माइस्टर' व्हायचं असेल तर त्याच्या परीक्षेचे चार भाग असतात, आणि त्यातला एक पूर्ण भाग शिकाऊ मुलांना कसं शिकवायचं यावर असतो. आपल्याकडेही आयटीआयच्या निदेशकांसाठी एक वर्षाचा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि कमी मुदतीच्या कोर्सेसमध्ये शिकवणाऱ्यांसाठी 'ट्रेनिंग ऑफ ट्रेनर्स' प्रमाणपत्र असतं. सरकारी योजनेत उतरणार असाल तर तुमच्या कोर्सला प्रशिक्षकाची कोणती पात्रता लागते हे आधी वाचा. कागद नसलेल्या उत्तम मिस्त्रीला तुम्ही मुख्य प्रशिक्षक दाखवू शकत नाही.

मी काय केलं? जोडी लावली. आयटीआय झालेली, प्रमाणपत्र असलेली गावातलीच एक मुलगी मुख्य प्रशिक्षक. मिस्त्री काका प्रात्यक्षिकाला. ती आकृती, सुरक्षितता, मोजमाप शिकवायची. काका हात शिकवायचे. काकांशी मी एकटीने बसून बोलले, गिऱ्हाइकाशी बोलता तसं पोरांशी बोला म्हणून. त्यांनी ऐकलं. मुली परत आल्या. आणि गंमत म्हणजे, महिन्याभरात काका स्वतः मेन स्विच बंद करायला लागले, कारण ती मुलगी रोज सगळ्यांसमोर त्यांना आठवण करायची!

## पाच कामं, मग माणसं

आता तुमच्या प्रकल्पाकडे येऊ. माणसं शोधायच्या आधी कामं लिहा. कोणत्याही प्रशिक्षण केंद्रात पाच कामं असतात:

१. हात शिकवणं. रोज ते काम करून कमावणारा माणूस. अर्धवेळ चालेल.

२. वर्ग सांभाळणं. विषयाची मांडणी, सुरक्षितता, सराव परीक्षा. शेवटची परीक्षा सहसा बाहेरची संस्था घेते, त्यामुळे पोरांना लिहिता-बोलता आलं पाहिजे. इथे प्रमाणपत्रधारक हवा.

३. गावात फिरणं. मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना भेटून बॅच भरणारी व्यक्ती. आपल्याकडे उमेदच्या बचत गटांत काम केलेल्या ताई यात पटाईत असतात. कोणत्या घरात मुलगी दहावी करून बसलीय आणि तिचा भाऊ काय म्हणेल, हे त्यांना ठाऊक असतं.

४. काम मिळवून देणं. राईस मिल, पंप डीलर, ठेकेदार, दुकानदार यांच्याशी ओळख असलेला माणूस. ज्याला स्वतःचं सुरू करायचंय त्याला जिल्हा उद्योग केंद्रात आणि बँकेत घेऊन जाणाराही हाच.

५. हजेरी, पोर्टल आणि हिशेब. योजनेच्या बॅचमध्ये बायोमेट्रिक हजेरी असते आणि पैसा हप्त्याहप्त्याने येतो. एक कागद राहिला की हप्ता अडकतो.

"ताई, पाच पगार कुठून देऊ?" देऊ नका. पाच कामं तीन माणसांत बसतात. पहिलं काम अर्धवेळ मिस्त्रीकडे, दुसरं आणि पाचवं पूर्णवेळ प्रशिक्षकाकडे, तिसरं फिरणाऱ्या ताईंकडे, आणि चौथं बहुतेक वेळा तुमच्याकडेच, कारण बाजारात ओळख तुमची आहे. फक्त एक नियम पाळा: हजेरी भरणारा आणि पैसे काढणारा एकच माणूस नको. नातेवाईक असला तरी नको. नातेवाईक असला तर मुळीच नको.

आणि बॅचमध्ये मुली असतील तर टीममध्ये किमान एक बाई हवीच. हे शोभेसाठी सांगत नाही. शेवटची एसटी कधी आहे, स्वच्छतागृहाला कडी आहे का, हे प्रश्न मुली तिलाच सांगतात. तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते, ही माहिती भिंतीवर लावा.

## निवड करताना तीन परीक्षा

मुलाखतीत "तुमची बलस्थानं सांगा" वगैरे विचारू नका. पाठ करून आलेला माणूस सांगतोच. त्याऐवजी हे करा.

पहिली: हाताची परीक्षा. समोर एक बिघाड केलेली वस्तू ठेवा. मी सिंगल फेज सबमर्सिबलच्या तीन वायरी आणि मल्टिमीटर ठेवते. सप्लाय बंद करून तिन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मोजायचा. ज्या दोन वायरींत सर्वांत जास्त येईल त्या रनिंग आणि स्टार्टिंग, उरलेली कॉमन. मग कॉमनपासून मोजायचं, जिथे जास्त येईल ती स्टार्टिंग. जाणकाराला हे पाच मिनिटांचं काम आहे. शिवणकाम असेल तर ब्लाऊजचं माप घ्यायला लावा. बेकरी असेल तर पीठ मळायला लावा. तुम्हाला स्वतःला ते काम येत नसेल तर येणाऱ्या माणसाला चहाला बोलवा आणि शेजारी बसवा.

दुसरी: शिकवायची परीक्षा. हेच काम त्याला एका नवख्या पोराला २० मिनिटांत शिकवायला सांगा. तुम्ही उमेदवाराकडे बघू नका, पोराकडे बघा. वीस मिनिटांनी पोराला एकट्याने करायला द्या. पोराला जमलं तर शिकवता येतं. नाही जमलं तर उमेदवार काय करतो ते बघा. जो म्हणतो "याच्या डोक्यातच जात नाही", त्याला चहा पाजून निरोप द्या. जो म्हणतो "थांब, वेगळं सांगून बघतो", त्याचा नंबर लिहून घ्या.

तिसरी: बाजारातली चौकशी. तो ज्यांची कामं करतो अशा दोन-तीन गिऱ्हाइकांना भेटा. दोनच प्रश्न विचारा: सांगितलेल्या दिवशी येतो का? चूक झाली तर परत येऊन दुरुस्त करून देतो का? जो गिऱ्हाइकाला वेळ पाळत नाही तो वर्गाची वेळ पाळणार नाही.

फिरणाऱ्या ताईंसाठी परीक्षा वेगळी. त्यांना तीन घरं सांगा आणि त्यांच्याबरोबर जाऊन गप्प बसा. त्या कोर्सबद्दल खोटं आश्वासन देतात का, "नोकरी पक्की" म्हणतात का, ते ऐका. म्हणत असतील तर तिथेच थांबवा. ते वाक्य तीन महिन्यांनी तुमच्या दारात येऊन उभं राहतं.

## पैसे कसे ठरवायचे

मिस्त्रीला वर्गाच्या तासांचे नाही, त्याच्या बुडालेल्या रोजाचे पैसे द्या. समजा, उदाहरण म्हणून, त्याची दिवसाची कमाई ९०० रुपये आहे आणि वर्ग संध्याकाळी अडीच तासांचा. तुम्ही दिवसाला २०० म्हणाल तर सीझनमध्ये तो येणारच नाही, आणि त्याची चूकही नाही. ५०० दिले तर महिन्याच्या २५ दिवसांचे १२,५०० होतात. एवढे परवडत नसतील तर दिवस कमी करा, आठवड्यातून तीनच दिवस प्रात्यक्षिक ठेवा. पण दर पाडू नका. दुसरं म्हणजे रोवणी आणि कापणीच्या दिवसात बॅच लावू नका. आपल्या धानपट्ट्यात हे साधं गणित आहे, तरी मी स्वतः चुकले होते.

फिरणाऱ्या ताईंना 'डोक्यामागे इतके' असं कमिशन देऊ नका. नाव भरलं की पैसे, असं असेल तर नावं भरतात, मुलं येत नाहीत. ठरलेलं मानधन द्या, आणि वर थोडी रक्कम एक महिन्यानंतरही वर्गात येणाऱ्या मुलांवर ठेवा. काम मिळवून देणाऱ्यालाही तसंच: नोकरी लागली त्या दिवशी नाही, तीन महिने टिकली तेव्हा.

आणि हे सगळं एका पानावर लिहा. काम काय, वेळ कोणती, पैसे किती, कोणत्या तारखेला, सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. दोघांची सही. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला" असं ज्याच्या बाबतीत म्हणाल, नेमका त्याच्याशीच पुढे वाद होतो.

## पहिल्या महिन्यानंतर

नेमलं की सुटलो असं नाही. पहिल्या महिन्याच्या शेवटी तीन गोष्टी तपासा. पटावर किती आणि वर्गात किती? जे येत नाहीत त्यांच्या घरी कोण जाऊन आलं? आणि वर्गातला सर्वांत कच्चा मुलगा आज काय करू शकतो? हुशार मुलगा कोणाकडेही शिकतो. टीम बरोबर आहे की नाही हे कच्च्या मुलाकडे बघून कळतं.

उत्तर समाधानकारक नसेल तर माणूस बदलायला लाजू नका. मी पहिल्या बॅचला लाजले होते. "मधेच कसं काढायचं, बरं दिसत नाही" म्हणून तीन महिने ओढले. दुसऱ्या बॅचलाही सगळं छान झालं असं नाही, पण पटावरचे बहुतेक परीक्षेपर्यंत टिकले. त्यातल्या दोघांनी मिळून रिवाइंडिंगचं छोटं दुकान टाकलंय आणि वायर आमच्याकडूनच नेतात. उधारीवर, पण नेतात!

## या आठवड्याचा गृहपाठ

१. एका पानावर वरची पाच कामं लिहा. प्रत्येकासमोर तुमच्या गावातल्या खऱ्या माणसाचं नाव लिहा. नाव सुचत नसेल तिथे रिकामं ठेवा. जिथे रिकामं राहिलं, तिथे तुमचा प्रकल्प अडकणार आहे.

२. ज्या मिस्त्रीचं किंवा ताईंचं नाव लिहिलंत, त्यांच्याकडे अर्धा दिवस नुसतं बसा. त्यांच्या हाताखालचं पोरगं काही शिकतंय का, की फक्त सामान आणून देतंय, ते बघा.

३. तुमच्या कोर्ससाठी २० मिनिटांची शिकवायची परीक्षा स्वतः तयार करा आणि आधी स्वतः देऊन बघा.

हे तिन्ही होईपर्यंत एकाही मशीनचं कोटेशन मागवू नका. मशीन पुढच्या महिन्यातही मिळेल, दुकानात मीच विकते, मला माहीत आहे.

पुढच्या व्हिडिओत आपण बॅचचं वेळापत्रक शेतीच्या हंगामाशी कसं जुळवायचं ते बघू. तोवर कामाला लागा. भेटूया!